भोंडल्याच्या हत्तीची परवानगी

"परवानगी? त्यात काय एवढं! एक पत्र टाकलं की झालं," असं नरहरराव कंधारकर आतल्या खोलीतून म्हणाले आणि तिथंच सगळा घोळ झाला.

बरं, त्यांना विचारलं होतं कुणी? कुणीही नाही. बाहेर बैठकीत बरकतपुऱ्याच्या मराठी महिला मंडळाची मीटिंग चालली होती. सुशीलाबाई, म्हणजे नरहररावांच्या सौभाग्यवती, त्या वर्षी पहिल्यांदाच अध्यक्ष झालेल्या. आजवर मंडळाचा भोंडला कुणाच्या तरी हॉलमध्ये व्हायचा. सोफे भिंतीला सारायचे, पाटावर हत्ती काढायचा, तो मधे ठेवायचा, आणि त्याच्याभोवती गाणी म्हणत फेर धरायचा. फेर कसला, एकीचं कोपर फ्रिजला तर दुसरीचं टीव्हीला. म्हणून यंदा नवरात्रात भोंडला गल्लीच्या टोकाच्या पार्कात घ्यायचा, असं सुशीलाबाईंच्या मनानं घेतलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या सावित्रीबाईंनी तर त्यांचा हातच धरला होता. "एकदा मोकळ्यावर फेर धरू दे गं मला. परकरात होते तेव्हा धरला होता, त्यानंतर नाही." सुशीलाबाईंनी त्यांना शब्द दिला. सेक्रेटरी मनीषा एवढंच म्हणाली, की पार्कात कार्यक्रम करायला हल्ली परवानगी लागते. झालं! आतून आवाज आला.

नरहररावांची अख्खी हयात सिंचन खात्यात गेली होती. सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालेले. कंधारकरांच्या ड्राफ्टमधला स्वल्पविराम बदलायची कुठल्या साहेबाची टाप नव्हती, असं ते स्वतः सांगत, आणि ज्यांनी ते खोडून काढलं असतं ती मंडळी आता फारशी उरलेली नव्हती. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हातून एकही मोठं पत्र गेलं नव्हतं. दूध नासकं आल्याची तक्रार आणि सोसायटीच्या पाण्याच्या मोटरबद्दलचं एक कडक निवेदन, बस. माणूस नुसता शिवशिवत होता.

त्यात शेजारचे केशवराव वकील सल्ला द्यायला टपलेलेच. "नरहरराव, एक ध्यानात ठेवा. अर्जात काही म्हणजे काही लपवायचं नाही. जे लपवाल त्याच्यावरच क्वेरी येते." (पुढं प्रकरण चिघळल्यावर केशवराव म्हणाले, की मी असं म्हणालोच नव्हतो. वकीलच तो.)

मग काय विचारता! नरहररावांनी दार लावून घेतलं, जुनी डिक्शनरी काढली आणि साहेबी इंग्रजीत दोन पानी अर्ज ठोकून दिला. त्याचा मराठीत मतलब असा: 'सदर सांस्कृतिक कार्यक्रमात उद्यानाच्या मध्यभागी एक हत्ती, तोंड पूर्वेस करून, स्थानापन्न करण्यात येईल. सुमारे चाळीस महिला त्याच्याभोवती फेर धरून गायन करतील. कार्यक्रमाअखेर उपस्थितांना खाद्यपदार्थ वाटण्यात येईल, ज्याचे स्वरूप परंपरेनुसार अगोदर उघड करता येणार नाही.'

यात खोटं काय होतं? काहीच नाही. भोंडल्यात हत्ती असतोच, आणि खिरापत काय आहे ते शेवटपर्यंत ओळखायचंच असतं. हत्ती पाटावर खडूनं काढलेला असतो हे लिहायचं राहिलं, कारण ते लिहायचं असतं असं मराठी माणसाच्या डोक्यात येणारच नाही. भोंडल्याचा हत्ती आणखी कुठं असणार?

अर्ज घेऊन नरहरराव इस्त्रीचा शर्ट घालून महापालिकेच्या ऑफिसात गेले. उद्यानवाल्यांनी वॉर्डाकडे पाठवलं, वॉर्डानं पुन्हा उद्यानाकडे. शेवटी यादगिरी नावाच्या तेलुगू क्लार्कनं अर्ज ठेवून घेतला. नरहरराव घरी येऊन म्हणाले, "काम झालंच म्हणून समज." सुशीलाबाईंनी ते तसं समजून मंडळाला कळवलं, मनीषानं ग्रुपवर टाकलं, आणि सावित्रीबाईंनी सुनेकडून नऊवारीला फॉल लावून घेतला. नऊवारीला फॉल लागत नाही हे सुनेनं सांगून पाहिलं, पण म्हातारीच्या उत्साहापुढं कुणाचं चालतंय!

चार-सहा दिवसांनी फोन आला. "साब, जरा ऑफिस आके जाव. एक डाउट है. हाथी किधर से ला रहे?"

नरहररावांना वाटलं, राँग नंबर. पण गेले. आत पाऊल टाकलं मात्र, यादगिरीनं चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारच्या टेबलाला सांगितलं, "येइच वो हाथीवाले साब." सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. एक बाई तर हातातली डब्याची पोळी तशीच धरून उभी राहिली.

"मेल है कि फीमेल?" यादगिरीनं विचारलं. टिंगल म्हणून नाही, अगदी मनापासून. "माहूत कौन है? जनावर का डॉक्टर का कागद होना. ऊपर से पुलिस का एन.ओ.सी. होना. पार्क में बच्चे रहते साब. कुछ तो बी हो गया तो?"

आता खरं सांगायचं तर एका वाक्यात प्रकरण मिटत होतं. 'अरे बाबा, हाथी पाट पे निकालते, खडू से' एवढं म्हटलं असतं तर यादगिरी हसला असता, नरहररावही हसले असते, आणि शिक्का पडला असता. पण तसं म्हणायचं म्हणजे ड्राफ्टमध्ये चूक होती असं कबूल करायचं! कंधारकरांच्या ड्राफ्टमध्ये! नरहररावांच्या घशाशी ते वाक्य आलं आणि परत गेलं.

"पॅरा दो ठीक से पढ़िए," ते म्हणाले.

यादगिरीनं पॅरा दोन मोठ्यानं वाचला. सगळ्या ऑफिसनं ऐकला. मग तो पॅरा तीनवर आला आणि थांबला. "खाना क्या है साब?"

"वो बोल नहीं सकते."

"कायकू?"

"पहचानना पड़ता."

"मतलब पब्लिक पार्क में चालीस औरतां को क्या तो बी खिलाते, और क्या खिलाते वो बोलते नहीं?" यादगिरीनं हात जोडले. "साब, आप बड़े आदमी हैं. मेरी नौकरी कू नक्को छेड़ो."

पोळीवाल्या बाईला हसू आवरेना. नरहररावांचे कान तापले. "मैं ऊपर बात करूँगा," असं म्हणून ते ताडताड बाहेर पडले. वर म्हणजे कुणाकडं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती इमारत एकमजलीच होती. रिक्षात बसल्यावर त्यांनी शपथ घेतली, की या ऑफिसची पायरी पुन्हा चढायची नाही.

शपथ घ्यायला काय जातं! घरी पोचले तर बैठकीत मंडळ जमलेलं, गाण्यांची तालीम चाललेली. मनीषानं टाळी वाजवली. "आले, आले! काका, मिळाली ना परवानगी?"

चाळीसची चाळीस नाही, पण चौदा-पंधरा बायका त्यांच्याकडं बघत होत्या. सावित्रीबाई तर कानामागं हात धरून बसलेल्या, एक शब्द चुकू नये म्हणून. सुशीलाबाईंचा चेहरा असा खुललेला, की कितीतरी वर्षांत नरहररावांनी तो तसा पाहिला नव्हता. आणि नरहररावांच्या डोक्यात मात्र एकच: हाथीवाले साब.

"हरकत आलीय," ते म्हणाले.

"हरकत? कुणाची?"

कुणाची बरं? नरहररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली अंगणात तळमजल्यावरची भाग्यलक्ष्मी झेंडूच्या राशीपुढं बसली होती. तिच्याकडच्या तेलुगू बायकांची बतुकम्मा याच दिवसांत, याच पार्कात होते. फुलांची उतरंड रचायची, ती मधे ठेवायची आणि टाळ्या वाजवत भोवती फिरायचं.

"बतुकम्मावाल्यांची," नरहरराव म्हणाले. "त्यांना म्हणे जागा पुरत नाही."

माघारी घेता आलं असतं. पण "अगं बाई! आपली भाग्यलक्ष्मी?" असं सुशीलाबाई ज्या आवाजात म्हणाल्या, तो ऐकल्यावर त्यांना ते जमलं नाही. मनीषा म्हणाली, "बघा! एरवी अक्का अक्का करते." कुणी म्हणालं, गोड बोलणारी माणसं अशीच. कुणाला काही, कुणाला काही आठवायला लागलं. नरहरराव पाणी प्यायला म्हणून आत गेले ते आतच बसले.

ही भाग्यलक्ष्मी कोण, तर सुशीलाबाईंना टायफॉइड झाला तेव्हा सकाळ-संध्याकाळ रसम घेऊन जिना चढणारी. नरहररावांची बीपीची गोळी संपली की मलकपेठच्या दुकानातून स्वस्तात आणून देणारी. तिच्याकडं पुलिहोरा, म्हणजे त्यांचा चिंचेचा भात, झाला की वाटी वर यायची, इकडं पुरणपोळी झाली की खाली जायची. ती वाटी दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. सुशीलाबाई जिन्यात दिसल्या की भाग्यलक्ष्मी "अक्का" म्हणून हाक मारायची, आणि सुशीलाबाई किल्ली शोधायला लागायच्या. मनीषानं तर एकदा फाटकाशी तिला गाठून काहीतरी सुनावलंही. नरहररावांनी ते गॅलरीतून पाहिलं. शब्द ऐकू आले नाहीत. भाग्यलक्ष्मी मान खाली घालून ऐकत होती, मग तिनं वर पाहिलं आणि नरहरराव पटकन वाळत घातलेल्या चादरीमागं झाले. एक रिटायर्ड सुपरिंटेंडेंट, चादरीमागं! त्यांची त्यांनाच शरम वाटली. त्या रात्री भात बेचव लागला, मिठात काहीही कमी नव्हतं तरी.

सांगून टाकू, सांगून टाकू असं रोज म्हणायचे. सकाळी ठरवायचे, चहाला पुढं ढकलायचे, जेवणाला विसरायचे. सुशीलाबाईंनी एकदा सरळ विचारलं, "अहो, खरंच तिनं हरकत घेतली? माझ्या मनाला पटत नाही हो." हीच वेळ होती. तर हा गृहस्थ म्हणतो काय, "ऑफिसातल्या गोष्टी तुला नाही कळायच्या." आता अशा माणसाला काय म्हणावं!

आणि मग अष्टमीच्या दोन दिवस आधी, मंडळ पुन्हा बैठकीत जमून 'आता कुणाच्या हॉलमध्ये घ्यायचं' यावर डोकं फोडत असताना, दारात भाग्यलक्ष्मी उभी. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. कागद पुढं करून म्हणाली, "अक्का, परमिशन हो गया. आपका और हमारा एकीच दिन, एकीच पार्क. पीपल के बाजू आप, टंकी के बाजू हम."

"पण... कैसा?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"मैं हमारे बतुकम्मा का लेने गई थी ना. वो यादगिरी हाथी-हाथी बोल्के हँस रहा था. मैं बोली, हाथी लकड़ी के पाट पे रहता, मैं अक्का के घर में देखी हूँ, और खाने में क्या है वो पहचानना पड़ता, वोइच तो खेल है. उसने सिक्का मार दिया." मग नरहररावांकडं न बघताच म्हणाली, "अर्जी अंकलकीच थी. मैं खाली समझाई."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली. नरहररावांना वाटलं, आता फुटलं बिंग. छे! मनीषा म्हणाली, "पाहिलंत? नमली शेवटी. काकांनी नुसतं ऑफिस हलवलं नसेल, तिच्यावर प्रेशरही आणलं असणार." हत्तीचं काय म्हणत होती ते कुणाला नीट कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. उलट ठराव झाला: नरहररावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. नरहरराव "नको, नको" म्हणाले, तर तो त्यांचा विनय ठरला. सुशीलाबाई मात्र रात्रीपर्यंत नवऱ्याकडं बघत राहिल्या, आणि नरहरराव पेपरात. पेपर कालचा होता.

अष्टमीला ऊन कलल्यावर पार्क नुसतं फुलून गेलं. टाकीच्या बाजूला बतुकम्मा रचलेल्या, पिवळ्याधमक. पिंपळाच्या बाजूला पाट, पाटावर हत्ती. बेगम बाजारातून आणलेली शाल एका ताटात, शेजारी नारळ. दोन घोळक्यांच्या मधे मोकळी जागा एवढी सोडलेली, की तिथं आणखी एक मंडळ मावलं असतं. नरहरराव बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसले होते.

तेवढ्यात भाग्यलक्ष्मी ती मोकळी जागा ओलांडून आली. हातात ताट, ताटात मलिद्याचे लाडू. "अक्का, प्रसाद," तिनं म्हटलं.

"नको गं," सुशीलाबाई म्हणाल्या. "उपास आहे."

सुशीलाबाईंना उपास नव्हता. दुपारी वरणभात खाल्ला होता, नरहररावांनी समोर बसून पाहिलं होतं. आयुष्यात कुणाचा प्रसाद न नाकारलेली बाई! भाग्यलक्ष्मीनं ताट जरा वेळ तसंच धरलं, मग पदरानं झाकलं आणि वळली. आणि नरहररावांना अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की ते बाकावरून उठलेच.

"आता आपण काकांचा सत्कार..." मनीषानं सुरुवात केली. शाल खांद्याजवळ आली. नरहररावांनी ती हातानं अडवली.

"तिनं हरकत घेतलीच नव्हती," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांनाच अनोळखी वाटला. "कुणीच घेतली नव्हती. मी पत्रात हत्ती लिहिला, पाटावरचा म्हणून लिहिलं नाही. ऑफिसात हसले मला. ते सांगायची लाज वाटली, म्हणून तिचं नाव घेतलं. खोटं बोललो."

शाल मनीषाच्या हातात तशीच लोंबत राहिली. आणि सावित्रीबाई कानामागं हात धरून म्हणाल्या, "काय म्हणाले गं? मला नाही ऐकू आलं."

आता सांगणार तरी कोण? नरहररावांनी सुशीलाबाईंकडं पाहिलं. त्या पाटावरच्या हत्तीकडं बघत होत्या. शेवटी नरहररावांनीच श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "मी खोटं बोललो, सावित्रीबाई! भाग्यलक्ष्मीनं हरकत घेतली नव्हती! मीच खोटं बोललो!"

पिंपळावरचे पक्षी उडाले. चालायला आलेले लोक थांबले. पलीकडच्या बतुकम्माच्या टाळ्यासुद्धा बंद पडल्या.

"अहो, मग हळू सांगा ना," सावित्रीबाई म्हणाल्या. "हे काय ओरडून सांगायचं असतं?"

एवढ्यावर भागलं असतं तर नशीब. पण पलीकडच्या बायकांना मराठी कुठलं यायला? म्हाताऱ्या गृहस्थाला काय झालं, चक्कर आली की काय म्हणून त्या धावत आल्या. पुढं भाग्यलक्ष्मी, ताट अजून हातातच. "क्या हुआ अंकल? पानी होना?"

तिसऱ्यांदा. आणि या वेळी तिच्याच तोंडावर. सगळी हयात ड्राफ्ट करण्यात गेलेल्या माणसाला एक धड वाक्य जुळेना. "मैंने... तुम्हारा नाम... सबको बोला कि तुम कंप्लेंट करी. झूठ बोला मैं. माफ करना, बेटी."

"मालूम था अंकल," ती म्हणाली. "मनीषा मैडम मेरे कू फाटक पेइच सुनाए ना. आप चादर के पीछू खड़े थे."

नरहररावांना वाटलं, धरणी दुभंगावी. "फिर... फिर तुम मेरा काम करने कायकू गई?"

भाग्यलक्ष्मीला तो प्रश्नच विचित्र वाटला. "आपके वास्ते थोड़ी गई मैं," ती म्हणाली.

सुशीलाबाई पुढं झाल्या. नवऱ्याच्या शेजारून गेल्या, पण त्याला ओलांडून जावं तशा. त्यांनी भाग्यलक्ष्मीच्या हातातल्या ताटावरचा पदर बाजूला केला, एक लाडू उचलला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, अख्खा खाल्ला. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रो नक्को अक्का, ठसका लगता," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मनीषानं शाल मुकाट्यानं घडी करून पिशवीत ठेवली. ती कुणाला द्यावी हे विचारायचं धैर्य तिला झालं नाही.

मग भोंडला सुरू झाला. पाट पिंपळाजवळून उचलून मधल्या मोकळ्या जागेत आणला, बतुकम्माही तिथंच आणली, आणि सगळ्यांनी मिळून एकच मोठा फेर धरला. एका बाजूला मराठी गाणं, दुसऱ्या बाजूला तेलुगू, कुणाचा कुणाला ताल नाही. सावित्रीबाई फेरात, एक हात भाग्यलक्ष्मीच्या हातात, तोंड आभाळाकडं. त्या कुठलं गाणं म्हणत होत्या देव जाणे, पण सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होत्या.

नरहरराव बाकावर एकटे बसले होते. केशवराव लांबून येताना दिसले, त्यांनी रागरंग पाहिला आणि ते दुसऱ्या फाटकानं निघून गेले. घरी जावं असं नरहररावांनाही फार वाटत होतं. फेरातल्या सुशीलाबाई फिरून फिरून त्यांच्यासमोरून जात होत्या आणि दर वेळी तोंड दुसरीकडं करत होत्या. कधीतरी बघतील. तेव्हा आपण जागेवर असावं, म्हणून ते बसून राहिले.